इंजिनातलं प्लास्टिक

गाडीच्या इंजिनात प्लास्टिक असतं ही गोष्ट मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितली नव्हती. सांगितली ती भुजंग मिस्त्रीनं, मंगळवारी सकाळी, कमरेपर्यंत बॉनेटमध्ये घुसून.

"साहेब, मॅनिफोल्ड चिरलंय."

मी "अस्सं" म्हणालो. मॅनिफोल्ड म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, पण वीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला न कळताही मान हलवता येते. भुजंगला ते कळलं असावं. त्यानं मला दंडाला धरून आत वाकवलं आणि बोट दाखवलं. इंजिनाच्या कुशीला एक काळं, केळीच्या फणीसारखं चार फाट्यांचं काहीतरी बसवलेलं होतं. गाळून आलेली हवा ह्याच्यातून इंजिनाच्या चार घरांत वाटली जाते, म्हणाला. त्यातल्या एका फाट्यावर बोटभर लांबीची बारीक चीर होती. मी टिचकी मारून पाहिली. आवाज बादलीचा आला.

"हे तर प्लास्टिक आहे!"

"प्लास्टिकच असतंय साहेब."

"इंजिनात?"

"मग कुठं? बारा वर्षं झाली तुमच्या गाडीला. बारा वर्षं तेच हाय तिथं."

बारा वर्षं! ह्या गाडीतून मी आईबाबांना फिरवलं, बायकोला फिरवलं, एकदा तर आमच्या साहेबांना स्टेशनवर सोडलं, आणि सगळा वेळ पुढं बादलीच्या मालाचं काहीतरी बसून होतं. मला फसवल्यासारखं वाटलं. तसं मी भुजंगला बोलूनही दाखवलं.

"प्लास्टिकला नावं ठेवू नका," तो शांतपणे म्हणाला. "साधं न्हाई ते. नायलॉन असतंय, काचेचा धागा घातलेलं. हलकं, आतून गुळगुळीत, गंजायची भानगड न्हाई. उगीच चिरत न्हाई ती चीज. ह्याला कुणी हात लावला होता का? बोल्ट लय आवळलेले दिसायलेत."

"छे! कोण लावणार?" मी म्हणालो.

वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. मागच्या दिवाळीत मी गाडी धुतली, आणि हातात पाना होता म्हणून दिसेल तो बोल्ट दोन दोन वेढे आवळून ठेवला होता. घट्ट असलेलं बरं, एवढाच त्यामागचा विचार. पण ही कबुली मिस्त्रीसमोर द्यायची नसते. उद्या तो सगळ्या परभणीला सांगेल.

"इलाज काय मग?"

"नवीन टाकायचं. संभाजीनगरहून मागवतो. सोमवारी येईल. तवर गाडी गल्लीबाहेर काढू नका."

"सोमवारी? अरे बाबा, मला शुक्रवारी सेलूला जायचंय!"

"रेल्वेनं जा की," भुजंग म्हणाला आणि हात पुसायला लागला.

आता शुक्रवारचं सांगितलं पाहिजे. गाडी माझी असली तरी शुक्रवार माझा नव्हता, तो बबिताचा होता. बबिता म्हणजे माझी बायको. अकरा वर्षं ती कंत्राटी शिक्षिका होती. जूनमध्ये ऑर्डर निघायची, एप्रिल संपला की बाईसाहेब घरी. पुन्हा जून, पुन्हा अर्ज, पुन्हा तीच कागदं. अकरा वर्षांत तिनं किती पोरांना बाराखडी शिकवली असेल देव जाणे, पण एकाही शाळेच्या कायमच्या रजिस्टरात तिचं नाव नव्हतं. ते ह्या वर्षी लागणार होतं. सेलू तालुक्यातल्या एका शाळेवर तिची कायम नेमणूक झाली होती. नेमणुकीचं पत्र वाटेत कुठं दहा दिवस विसावा घेत बसलं कोण जाणे, ते आमच्या हातात पडलं सोमवारी, आणि त्यात लिहिलं होतं की शुक्रवारी कार्यालय बंद होण्याआधी सेलूला येऊन रुजू न झाल्यास नेमणूक आपोआप रद्द समजण्यात येईल. "आपोआप" हा शब्द बबितानं तीनदा वाचला. मग पत्राची घडी करून कपाटात ठेवली, आणि रात्री उठून ते तिथं आहे का हे दोनदा पाहिलं.

आणि मी? मी सगळ्या गल्लीला सांगून बसलो होतो की आमची बबिता रुजू व्हायला जाणार ती स्वतःच्या गाडीतून. अकरा वर्षं जीपच्या मागच्या फळीवर बसून गेली बिचारी. एक दिवस तरी कार्यालयाच्या फाटकापाशी गाडीतून उतरावी, मी दार उघडावं, चार माणसांनी बघावं. ह्यात चूक काय होती ते मला आजही कळलेलं नाही.

गाडी नादुरुस्त झाल्याचं कळताच तात्याराव काका आले. शेजारच्या घरातले, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, आणि तेव्हापासून येईल त्या गाडीच्या बॉनेटमध्ये डोकावणारे. त्यांनी मॅनिफोल्ड बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"भूषणराव, फसलाव तुमी. असली मॅनिफोल्ड बिडाचं असतंय. माझी हयात गेली त्याच्यात. कुण्या तरी गॅरेजवाल्यानं तुमचं असली काढून घेतलं आन् हे डुप्लिकेट बसवलं."

मग ते घरी जाऊन जुन्या रेडिओच्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन आले आणि माझं इंजिन तपासू लागले. मॅनिफोल्डला ते चिकटलं नाहीच, पण इंजिनाच्या डोक्याला, गिअरच्या पेटीला, कुठंच चिकटेना. ते सगळं अल्युमिनियमचं असतं हे मला नंतर भुजंगनं सांगितलं. त्या वेळी मात्र अर्ध्या तासाच्या तपासणीनंतर तात्याराव काकांनी निकाल दिला की माझं निम्म्याहून जास्त इंजिन चोरीला गेलेलं आहे. मी रात्री नीट जेवलोही नाही.

समोरच्या सरजाबाईंनी उलथनं तापवून आणायची तयारी दाखवली. त्यांची प्लास्टिकची खुर्ची त्यांनी तशीच डागून जोडली होती आणि त्यावर त्यांचे पाहुणे अजून बसतात. माझे वडील, सिताराम बाबा, म्हणाले, "मिस्त्री सांगायलाय तसं कर." आई, म्हणजे कुसुमबाई, म्हणाली, "रेल्वेनं जावा." ती हे मंगळवारी दोनदा आणि बुधवारी एकदा म्हणाली. घरात साधी गोष्ट सांगणाऱ्या माणसाकडं कुणी लक्ष देत नाही.

त्यातून माझी एक अडचण होती. मला प्लास्टिक कळतं. मी कृषी खात्यात आहे आणि ठिबक सिंचनाची मोका तपासणी माझ्याकडं असते. मोका तपासणी म्हणजे शेतात जाऊन ठिबकचे पाइप नियमाप्रमाणे टाकलेत का हे पाहणं. झरीपासून पोखर्णीपर्यंत किती शेतांत मी उन्हातान्हात वाकून पाइप बघितले असतील! पाइप नुसता वाकवून मी त्याची जात सांगतो. जोड कच्चा की पक्का हे लांबून ओळखतो. माझ्या एका शेऱ्यावर फाइल परत जाते. अशा माणसाला एक गॅरेजवाला सांगणार की प्लास्टिकच्या चिरेला इलाज नाही?

बुधवारी ऑफिसातून येताना पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा आणला. चीर सँडपेपरनं घासली. सोल्युशनचा हात दिला, वाळू दिला, दुसरा दिला. वरून पांढरी टेप गुंडाळली. त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून ताणून बांधली, फुटलेल्या पाइपला शेतकरी बांधतात तशी. त्यावर पाइपाचा क्लॅम्प. गुरुवारी सकाळी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली, आणि आवाज कसा, तर मऊ! मी गल्लीत तीन चकरा मारल्या. तिसऱ्या चकरेला तात्याराव काकांनी गॅलरीतून हात वर केला.

संध्याकाळी भुजंग मुद्दाम बघायला आला. त्यानं बॉनेट उघडलं आणि पट्टीवरून दोनदा बोट फिरवलं. मला वाटलं, चकित झाला.

"साहेब," तो म्हणाला, "हे सोल्युशन शेतातल्या पाइपाला आतून विरघळवून धरतंय. नायलॉनला धरत न्हाई. निस्तं वर बसून राहतंय. गार हाय तवर ठीक. गरम झालं की इंजिन आतून हवा ओढणार, आन् तुमची पट्टी ढिली होणार."

"भुजंग," मी म्हणालो, "तू मला इंजिन शिकव. प्लास्टिक शिकवू नको."

त्यानं बॉनेट हलक्या हातानं बंद केलं. "जय भीम साहेब," म्हणाला आणि गेला. ह्या माणसाला चांगल्या कामाचं कौतुक नाही असं मी बबिताला सांगितलं. ती पत्राच्या झेरॉक्स मोजत होती. तिनं वर पाहिलं नाही.

शुक्रवारी सकाळी आठलाच निघायचं असं ठरलं होतं. पण रुजू होताना शारीरिक पात्रतेचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते सरकारी दवाखान्यातून मिळणार होतं शुक्रवारीच. पहिल्या टेबलावर म्हणाले, फोटोवर अधिकाऱ्याची सही पाहिजे. ती आणली. दुसऱ्या टेबलावर म्हणाले, सही नको होती, रक्तगट पाहिजे. तो आणला. तिसऱ्या टेबलावर सगळं बरोबर होतं, फक्त शिक्का ज्या कपाटात होता त्याची किल्ली जेवायला गेली होती. म्हणजे किल्लीवाला. दोन वाजले, अडीच वाजले. बबितानं सेलूला फोन लावला. तिथला कारकून म्हणाला, "ताई, मी सहापर्यंत हाय. सहाला कपाटाला कुलूप लावतो. उद्या शनिवार." शिक्का उमटला तेव्हा साडेतीन वाजले होते.

"चारची रेल्वे हाय," बबिता म्हणाली. "स्टेशन दहा मिनिटांवर. मला स्टेशनवर सोडा."

"वेडी आहेस का? दारात गाडी उभी आहे. पन्नास किलोमीटर. पाचच्या आत तुला फाटकापाशी उतरवतो."

ती माझ्याकडं बघत राहिली. अकरा वर्षं संसारात आणि नोकरीत तिला एक सवय लागली होती, समोरचा खात्रीनं बोलला की त्याला एक संधी द्यायची. "नक्की?" तिनं विचारलं.

"माझी जिम्मेदारी," मी म्हणालो. हे शब्द मला कुणी परत करून दिले तर मी आज काय वाटेल ते देईन.

पहिली वीस मिनिटं गाडी अशी पळाली की मी गाणं गुणगुणलो. मग एक बारीक आवाज सुरू झाला. कुणीतरी लांबून शीळ घालावी तसा. बबिता म्हणाली, "हे काय वाजायलंय?" मी म्हणालो, "वारा." काचा बंद केल्या. शीळ आता आतच ऐकू यायला लागली. पुढं खड्डा आला म्हणून मी पाय उचलला, तर गाडीची रेस कमी व्हायच्या ऐवजी आपोआप वाढली. पाय माझा वर आणि इंजिन गुरगुरतंय. ब्रेक मारला की इंजिन बंद पडायला बघायचं, सोडला की उधळायचं.

तेवढ्यात रेल्वेचं फाटक लागलं. बंद!

मी थांबलो. इंजिन थांबेना. गाडी जागच्या जागी भोंगा वाजल्यागत रेस घ्यायला लागली. पुढचा ट्रॅक्टरवाला मागं वळून म्हणाला, "ओ साहेब, फाटक बंद हाय, दिसंना का? खामखा कशाला रेस द्यायलाव?" मी हातानं खूण केली की मी देत नाही. त्याला वाटलं मी त्याला दम देतोय. तो उतरून आला. त्याला मी वाकून दोन्ही पाय दाखवले, हे बघ, पाय मोकळे आहेत. एका राजपत्रित होऊ घातलेल्या माणसावर भर रस्त्यात पाय दाखवायची वेळ आली. आणि त्याच वेळी समोरून रेल्वे गेली. सेलूकडं जाणारी. चारची.

बबितानं शेवटचा डबा जाईपर्यंत ती बघितली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं फक्त पर्समधून घड्याळ काढून मनगटावर बांधलं. चार वाजून तेवीस मिनिटं.

"गाडी बंद करून बघावं का?" तिनं विचारलं.

"बंद करायची नाही!" मी ओरडलो. "बंद केली तर परत सुरू होणार नाही." हे माझ्या तोंडून गेलं आणि मग आम्हा दोघांनाही कळलं की मला सगळं माहीत होतं.

फाटक उघडलं. शीळ आता शिट्टी झाली होती. लांब, चढत जाणारी, मधेच तुटणारी आणि पुन्हा सुरू होणारी. मानवत रोड स्टेशनच्या अलीकडं एका वळणावर रस्त्याच्या कडेनं मेंढरं चालली होती, दोनेकशे तरी असतील. मी गाडी हळू केली, म्हणजे व्हायची तेवढी हळू केली. मेंढरं कडेनं शिस्तीत जात होती. मग पहिल्या मेंढीनं मान वर केली. तिनं कान टवकारले. ती वळली आणि थेट आमच्या गाडीकडं चालायला लागली. तिच्यामागं दुसरी, तिच्यामागं दहा, आणि मी हॉर्नवर हात ठेवीपर्यंत सगळा कळप रस्त्यावर! चारी बाजूंनी मेंढरं. बॉनेटला नाक लावून मेंढरं. आरशाला चाटणारी मेंढरं. एक नर तर पुढचे पाय बंपरवर ठेवून काचेतून माझ्याकडं बघत होता.

मागून खांद्यावर घोंगडी टाकलेला, उंचापुरा माणूस धावत आला. मल्हारी त्याचं नाव, ते नंतर कळलं. तो काठी हवेत फिरवत ओरडत होता. मग एकदम थांबला आणि कान देऊन ऐकू लागला.

"आरं तिच्या मायला," तो म्हणाला. "साहेब, तुमची गाडी माझी शिट्टी वाजवायली की!"

"काय?"

"माझी शिट्टी. पाण्यावर न्यायची. हीच हाय बगा, अशीच चढती आन् मधी तुटती. बारक्यापणापासून मी हीच वाजवतो, माझा बापबी हीच वाजवायचा. मेंढरांला वाटायलं पाणी आलं."

त्यानं तोंडात दोन बोटं घालून स्वतः शिट्टी मारली. हुबेहूब. निम्मी मेंढरं त्याच्याकडं वळली. गाडीनं मारली, ती परत माझ्याकडं वळली. त्यानं मारली. गाडीनं मारली. मेंढरं मधल्या मधे गोल फिरायला लागली. मागं दोन ट्रक आणि एक जीप येऊन उभी राहिली आणि सगळ्यांचे हॉर्न.

"बंद करा गाडी!" मल्हारी म्हणाला. "दम धरवंना का तिला? तुमची शिट्टी चालू हाय तवर ही हलायची न्हाईत."

आता माझी दशा बघा. गाडी चालू ठेवली तर मेंढरं हलत नाहीत. गाडी बंद केली तर गाडी हलत नाही. पाच वाजायला दहा मिनिटं कमी. सेलू पंचवीस किलोमीटर. मी किल्लीवर हात ठेवून बसलो, आणि मला किल्ली फिरवता येईना. खरं सांगायचं तर मी मेंढरांच्या, ट्रकवाल्यांच्या किंवा इंजिनाच्याही विचारात नव्हतो. भुजंगला काय तोंड दाखवायचं हा विचार चालला होता माझा. बायकोची अकरा वर्षं शेजारच्या सीटवर बसलेली, आणि मी भुजंगचा विचार करत होतो. ह्याची मला अजून लाज वाटते.

बबितानं माझा हात बाजूला केला आणि किल्ली फिरवली.

एकदम शांत झालं. मल्हारीनं बोटं तोंडात घातली, शिट्टी मारली, आणि दोन मिनिटांत सगळी मेंढरं रस्त्याखाली उतरली. मी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकलं. ट्रकवाल्यांनी शिव्या देत गाडी कडेला ढकलली. मी बॉनेट उघडलं. टेप सुटून लोंबत होती, क्लॅम्प एका बाजूला, आणि ट्यूबच्या पट्टीचं टोक मॅनिफोल्डच्या चिरेतून आत ओढलं गेलं होतं. माझं सोल्युशन पापुद्रा सुटावा तसं अखंड निघून हातात आलं. खालचं नायलॉन तसंच्या तसं, स्वच्छ. त्याला कुठंही काही लागलंच नव्हतं.

बबिता रस्त्याच्या मधोमध उभी राहून प्रत्येक गाडीला हात करत होती. जीप भरलेली होती, ट्रक थांबेना. पाच वाजून सात मिनिटं. तिच्या एका हातात कागदांची पिशवी होती आणि ती तिनं छातीशी धरली होती. एक मोटारसायकल पुढं गेली, थांबली, मागं वळून आली.

"रामराम साहेब. वळखलं का?"

ओळखलं, का नाही ओळखणार? बन्सीधर. मागच्या वर्षी ह्याच्या शेतात मी मोका तपासणीला गेलो होतो. पाइपाचा एक जोड ट्यूबच्या पट्टीनं बांधला होता म्हणून मी फाइलवर शेरा मारला होता, "जोड तात्पुरता. पुन्हा तपासणी करावी." त्याला तीन खेपा घालायला लागल्या होत्या. तो मोटारसायकलवरून न उतरता बॉनेटमध्ये वाकला. ट्यूबची पट्टी बघितली. टेप बघितली. क्लॅम्प बघितला.

"साहेब," तो अगदी आदबीनं म्हणाला, "हा जोड नियमात बसतो का?"

मला धरणी दुभंगावी असं वाटलं. पण धरणीच्या आधी बबिता आली. "दादा, मला सहाच्या आत सेलूला पोचायचंय," ती म्हणाली. "न्हाई पोचले तर नोकरी जाती. ह्यांचं काय असंल ते नंतर बगा."

बन्सीधरचं हसू गेलं. "बसा ताई," म्हणाला. "पिशवी मधी धरा. घट्ट बसा."

ती बसली. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही, पाहायला वेळ नव्हता. मोटारसायकल वळणावरून दिसेनाशी झाली आणि मी हातात सोल्युशनचा पापुद्रा धरून उभा राहिलो.

त्यानंतरची चाळीस मिनिटं मी कशी काढली हे सांगता येणार नाही. मी रस्त्याच्या कडेला बसलो, उठलो, पुन्हा बसलो. फोन हातात धरून ठेवला. लावायचा नाही असं ठरवलं होतं, मोटारसायकलवर बाई फोन घ्यायला गेली आणि काही झालं तर? साडेपाच. पावणेसहा. मनात नको ते यायला लागलं. पुढं आणखी एक फाटक असलं तर? मोटारसायकल पंक्चर झाली तर? कारकुनानं सहाच्या आधीच कुलूप लावलं तर? "आपोआप" ह्या शब्दावर तर मी मनातल्या मनात हजार शेरे मारले. मल्हारी थोड्या अंतरावर बांधावर बसून माझ्याकडं बघत होता. मेंढरं खाली चरत होती.

पाच त्रेपन्नला फोन वाजला.

"झालं," बबिता म्हणाली.

"झालं?"

"झालं. सही केली. त्यांनी वेळ टाकली, पाच वाजून पन्नास मिनिटं." मग म्हणाली, "अहो, कायमच्या रजिस्टरात नाव लिहिलं माझं. मी बगितलं लिहिताना. पूर्ण नाव लिहिलं." आणि ती रडायला लागली. मीही रडायला लागलो. फोनवर दोघं रडतोय, मागं कुणीतरी कारकून "ताई, पाणी घ्या" म्हणतोय. मग ती म्हणाली, "मी सातच्या रेल्वेनं घरी जाते," आणि फोन ठेवला.

मी तसाच बसून राहिलो. डोळे पुसले तरी थांबेनात. आनंद होता, लाजही होती, दोन्ही एकदम येत होतं. मल्हारी उठून माझ्यापाशी आला आणि शेजारी उकिडवा बसला.

"साहेब, गाडीपायी कशाला रडायलाव? मिस्त्री बोलवा, हुईल दुरुस्त."

"गाडीसाठी नाही हो," मी म्हणालो. "बायको नोकरीला लागली माझी. कायमची. अकरा वर्षांनी."

"आता गेली ती ताई?"

"हो. आज शेवटचा दिवस होता. सहाच्या आत पोचायचं होतं."

मल्हारीनं गाडीकडं बघितलं. उघडं बॉनेट, लोंबणारी टेप, एका बाजूला सरकलेला क्लॅम्प, सगळं सावकाश बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरंच विचारत होता.

"अकरा वर्षं वाट बगितली बाईनं," तो म्हणाला, "आन् आजच्या दिवशी तुमी तिला ह्याच्यात बसवून आणलं?"

"हो," मी म्हणालो.

मग तो उठला, घोंगडी खांद्यावर टाकली आणि मेंढरं घेऊन पाण्याकडं निघून गेला.